उजव्या कोपऱ्यातला जांभळा डाग

मंदाताई,

परवा तुझी तेरवी झाली. गल्लीत मांडव घातला होता आणि मांडवात जो तो तुझंच बोलत होता. "अशी जाऊ नशिबानं भेटते," असं बाया मला येऊन येऊन सांगत होत्या आणि मी मान हलवत होते. एकीनं माझा हात हातात घेतला, म्हणाली, "रडून घे बाई, मोकळी होशीन." मला रडू येत नव्हतं, ताई. मला राग येत होता. तुझ्या फोटोला हार घालताना माझ्या हातून दोरा तुटला, झेंडूची फुलं सतरंजीभर झाली आणि सगळ्यांना वाटलं, दुःखानं हात कापताहेत.

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. कोणी ठरवलं? तू गेलीस म्हणून मी का सोडू? आजवर चारचौघांत तुला 'तुम्ही' म्हटलं आणि चुलीपाशी 'तू' म्हटलं. हे चुलीपाशीचं बोलणं आहे. ऐकून घे.

मी नाचणगावहून देवळीत या घरी लग्न होऊन आले तेव्हा तू इथे जुनी झाली होतीस. पुढे भांड्यांचं दुकान, मागे घर, घरात सासूबाईंचं राज्य. तुझे मालक, म्हणजे माझे भासरे, दुकानाच्या गल्ल्यावर, माझे मालक वर्ध्या-नागपूरहून माल आणायला. आणि आपण दोघी मागच्या दारी. पहिल्याच आठवड्यात तू मला सांगितलं होतंस, "सासूबाईसमोर पोळी फुगली नाई त तव्यावरच दुमडून टाकजो, त्यायले दिसली नाई पाह्यजे." मी हसले होते. तू हसली नव्हतीस. तुला मूलबाळ नव्हतं आणि त्या घरात तुझ्या हसण्याचाही हिशेब लागायचा, हे मला पुढे कळलं.

माझा पंकज मांडीवर होता त्या वर्षी दसऱ्याला रंगीत टीव्ही आला. वर्ध्याहून जीपमध्ये गाद्यांत गुंडाळून आणला होता. सासूबाईंनी त्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि शेजारपाजारच्यांना हाका मारल्या. समोरच्या खोलीत भिंतीशी लांब टेबल होतं, त्यावर तो बसला. त्याच टेबलावर उजव्या बाजूला माझा टेपरेकॉर्डर होता, कारण त्या खोलीत विजेचं बटण तिथेच होतं. तो टेप माझ्या दादानं लग्नात दिला होता. दादा गिरणीत कामाला. बाकी काही द्यायची त्याची ऐपत नव्हती, पण मला गाणी लागतात हे त्याला ठाऊक होतं. दुपारी सासूबाई झोपल्या की मी आवाज बारीक करून लावायचे आणि तू कापडाला काज करता करता पाय हलवायचीस. आठवतं?

आता त्या दुपारचं सांगते. तुला माहीत आहेच, पण एकदा माझ्या तोंडून ऐक.

सासूबाई शेजारी सांत्वनाला गेल्या होत्या. पुरुष दुकानात. मी आत पंकजला भरवत होते. तू समोरच्या खोलीत टीव्ही लावून त्याच्यावर टाकायचं कापड भरत होतीस. तुझी सुई सतरंजीवर पडली, ती शोधायला तू दुकानातलं लोहचुंबक मागून आणलंस. गिऱ्हाइकानं "स्टील असली हाय न्?" असं विचारलं की भासरे ते चुंबक ताटाला लावून दाखवायचे, चिकटलं नाही की माल चांगला. थाळीएवढं नसलं तरी वाटीएवढं जाड, काळं चुंबक होतं ते. तुला सुई सापडली. तू उठलीस आणि चुंबक हातात तसंच होतं. ते टीव्हीच्या काचेजवळून गेलं तशी काचेतली बाई वाकडी झाली, तिचं लुगडं हिरवं झालं, मग जांभळं. तू दचकलीस. मग परत नेलंस जवळ. रंग गरगर फिरले. तू चुंबक वर नेलंस, खाली नेलंस, गोल फिरवलंस आणि तू हसलीस, ताई. तोंडाला पदर न लावता. मी स्वयंपाकघराच्या दारात कडेवर पोरगं घेऊन उभी होते. तुला इतकं मोकळं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग तू चुंबक खाली घेतलंस आणि उजवा खालचा कोपरा जांभळाच राहिला. तू पदरानं पुसलंस. बटण बंद केलंस, चालू केलंस. पुन्हा पुसलंस. तू पाठमोरी होतीस, पण तुझे खांदे मला दिसत होते. मी आत सरकले. तुला लाज वाटू नये म्हणून सरकले. मला वाटलं, संध्याकाळी तू सांगशील आणि आपण दोघी मिळून शिव्या खाऊ.

संध्याकाळी सासूबाईंनी टीव्ही लावला आणि पाहिलं.

"अवो बाप्पा! हे काय झालं? कोणं हात लावला?"

कोणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून टीव्हीच्या दुकानाचा मेकॅनिक आला. त्यानं पाहिलं, मान हलवली, म्हणाला, "चुंबकाचा असर आहे माय. जवळ काही स्पीकर वगैरे ठेवला होता काय?" आणि त्याची नजर माझ्या टेपवर गेली. सगळ्यांचीच गेली. तुझीही गेली, ताई. मी तुझ्याकडेच पाहत होते.

तो म्हणाला, टीव्ही वर्ध्याला पाठवा, मशीन फिरवून काढून देऊ. सासूबाई म्हणाल्या, "नवा टीव्ही आणला न् पंधरा दिवसांत दुरुस्तीले? लोकं हासतीन. राहू दे तसाच." झालं. डाग राहिला आणि तो माझा झाला.

त्याच दिवशी टेप माळ्यावर गेला. तूच स्टूल धरलंस. पुढे मी तो काढला तेव्हा उंदरांनी आतल्या तारा खाल्ल्या होत्या. गाणी गेली त्याचं मी फार मनाला लावून घेतलं नाही. पण भाऊबीज?

दादा नाचणगावहून आला होता. नवा सदरा घातला होता, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी पातळ आणि पंकजसाठी खुळखुळा. तो बसायच्या आत सासूबाईंनी टीव्ही लावला.

"पाहा बापू, आमचा टीव्ही पाहा. तो कोपरा दिसते का? तुमच्या टेपनं केलं हे."

दादाला समजेना. तो माझ्याकडे पाहू लागला.

"लोकाईच्या घरी सुनंच्या माहेरून सोनं येते. आमच्या घरी डाग आला."

माझा दादा उठला. खोलीत भासरे होते, हे होते, शेजारची दोन माणसं होती. सगळ्यांसमोर त्यानं हात जोडले. "चुकलं मामी. मले समजलं नाई. माह्या बहिणीले काही बोलू नका."

आणि तेवढ्यात तू आतून पाण्याचा गिलास घेऊन आलीस. दादाच्या समोर धरलास. त्यानं जोडलेले हात सोडवून तो घेतला. तू उभी होतीस. तुझ्यात आणि त्याच्यात हातभर अंतर होतं. एक वाक्य, ताई. "सासूबाई, टेपनं नाई झालं." एवढंच. माझं नाव, तुझं नाव, चुंबकाचं नाव काहीच घ्यायची गरज नव्हती. तू रिकामा गिलास घेतलास आणि आत गेलीस.

दादानं ओवाळून घेतलं, करंजी अर्धी टाकून उठला. त्यानंतर तो या घरात बसला नाही. यायचा दर भाऊबिजेला, दर राखीला, पण ओट्यावर उभा राहायचा. मी तिथंच ओवाळायचे. "आत ये न्," म्हटलं की "गाडीचा टाइम झाला" म्हणायचा. गाडी तर दर तासाला होती.

तू म्हणशील, तू काऊन नाही बोललीस? तुझ्या तोंडी मीच हा प्रश्न घालते कारण तू तो कधी विचारला नाहीस. मी बोलले असते तर काय झालं असतं? कडेवर पोरगं असलेली धाकटी सून रिकाम्या कडेच्या थोरलीकडे बोट दाखवते, एवढंच लोकांना दिसलं असतं. ते मला करायचं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, मला वाटत होतं की तू सांगशील. आज नाही तर उद्या. उद्या नाही तर सणावारी. मी तुझी वाट पाहिली. तुझ्यावर तेवढा विश्वास होता माझा.

डागाची मात्र घराला सवय झाली. बातम्या सांगणाऱ्या बाईचा एक खांदा कायम जांभळा. क्रिकेटमध्ये सीमेवरचा खेळाडू त्या कोपऱ्यात गेला की त्याचं तोंड जांभळं व्हायचं आणि भासरे ओरडायचे, "निंघ रे बाहेर तिथून!" धार्मिक मालिकेत देवाच्या पायाशी बसलेला भक्त नेहमी डागाच्या पिवळट कडेला, तर सासूबाई म्हणायच्या, "बिचाऱ्याले कावीळ झाल्यासारखी दिसते." सगळे हसायचे. पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी डाग दाखवायचा आणि डागाची गोष्ट सांगायची. "धाकटीच्या टेपनं केला." कितीदा ऐकलं मी ते? गोष्ट सांगताना सासूबाईंचा आवाज एका ठरलेल्या ठिकाणी वर चढायचा आणि त्या ठिकाणी तू दरवेळी उठून आत जायचीस. माझं काम होतं तिथं बसून हसणं.

पंकजनं शाळेत टीव्हीचं चित्र काढलं तर उजव्या कोपऱ्यात जांभळा रंग भरला. बाईंनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "टीव्हीले असतेच ते." त्याला वाटायचं, सगळ्यांच्याच टीव्हीला असतं. घरी येऊन त्यानं ते चित्र तुला दाखवलं. मला नाही, तुला. तू ते पाहिलंस, त्याच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि त्याला दुधाची साय साखर घालून दिलीस.

हेच तर मला जाळतं. तू वाईट असतीस तर मी कधीच सुटले असते. तुला नावं ठेवून, वेगळी चूल मांडून सुटले असते. पण तू माझं पोरगं आपल्या पोटचं असल्यासारखं वाढवलंस. तो तीन वर्षांचा असताना त्याला खरीच कावीळ झाली. सासूबाई म्हणाल्या, अमक्या गावी माणूस आहे, झाडपाला देतो, तिकडे न्या. हे माल आणायला गेलेले. मी रडत बसले होते. तू पंकजला खांद्यावर टाकलंस, डोक्यावर ओला दुपट्टा घेतलास. मे महिन्याची दुपार होती, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"कोठी चालली?"

"वर्ध्याले. दवाखान्यात."

"मी काय म्हणून राह्यली, ऐकू नाई येत?"

"येते. पण पोट्टं माह्या हातात हाय. सरका."

त्या सरकल्या. एस.टी.त तू त्याला मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत होतीस आणि मी बाजूला बसून तुझ्याकडे पाहत होते. दवाखान्यात तू त्याच्या खाटेखाली फरशीवर झोपलीस, मला झोपू दिलं नाहीस. "तू आई हायस, तुह्या अंगात ताकद पाह्यजे," म्हणालीस. पंकज वाचला तो तुझ्यामुळे. हे मी जन्मभर मान्य केलं, आजही करते.

पण मग तुला तोंड होतं, ताई! सासूबाईंना "सरका" म्हणायची हिंमत होती तुझ्यात. माझ्या पोरासाठी होती. माझ्या भावासाठी नव्हती. एस.टी.तून परत येताना मी हाच विचार करत होते आणि तू मला विचारत होतीस, "भूक लागली काय निमे? केळं खातं?"

मग सासूबाई गेल्या. त्यांच्या तेरवीनंतर घर एकदम मोठं वाटायला लागलं. आपण दोघी पहिल्यांदा पुरुषांच्या आधी जेवलो. मला वाटलं, आता भीती कोणाची? आता बोलेल. मी तुला संधीसुद्धा दिली. एकदा टीव्हीसमोर बसलो असताना मीच म्हटलं, "हा डाग किती वर्षं झाला नाई?" तू म्हणालीस, "हो न्," आणि शेंगा फोडत राहिलीस.

त्या उन्हाळ्यात मी भाचीच्या लग्नाला नाचणगावला गेले. आठवड्यानं परत आले तर पंकज धावत दारात. "आई, पाह्य! डाग गेला!" टीव्ही लागला होता. कोपरा स्वच्छ. तिथं निळं आभाळ दिसत होतं. भासरे खुशीत होते. "अवो, पाच मिनिटाचं काम होतं! टीव्हीवाल्या पोरानं एक मोठी रिंग आणली, काचेसमोर फिरवली न् गायब. मंदानंच बोलावलं त्याले."

तूच बोलावलंस. मी नसताना.

मी पिशवी तिथंच टाकली आणि आत आले. तू वांगी चिरत होतीस.

"कोणाले इचारून केलं?"

"कायचं?"

"टीव्हीचं."

"डागच त होता निमे. गेला. बरं झालं न्?"

"बरं झालं? डाग गेला न् माह्या भावाचं काय? तो अजून ओट्यावर उभा राह्यते!"

एवढ्या मोठ्यानं मी या घरात कधी बोलले नव्हते. भासरे टीव्हीचा आवाज कमी करून ऐकू लागले. तू वांग्याच्या फोडी पाण्यात टाकल्यास, हात धुतलेस आणि म्हणालीस, "फोडणी जळन. सरक थोडी."

तो डाग माझा एकटीचा साक्षीदार होता. मला तो पुसायचा नव्हता. मला तो तिथं हवा होता, रोज, तुझ्या डोळ्यांसमोर, जोवर तू तोंड उघडत नाहीस तोवर. तू साक्षीदारालाच घालवलंस आणि वर म्हणालीस बरं झालं. पावसाळाभर मी तुझ्याशी कामापुरतं बोलले. तू रोज माझ्या ताटात मऊ पोळी वाढत राहिलीस. मला ती फेकावीशी वाटायची. खात होते.

पुढे तो टीव्ही गेला, नवा आला, भारनियमन आलं, इन्व्हर्टर आला. पंकज पुण्याला शिकायला गेला आणि दर रविवारी फोन करून आधी "मोठी आई कोठी हाय?" विचारू लागला. आणि मग तुला हे दुखणं आलं.

दवाखान्यातली ती दुपार. भासरे खाली औषधं आणायला गेले होते. तुझे पाय सुजले होते, मी तेल लावत होते. तू डोळे मिटून पडली होतीस. माझ्याच्यानं राहवलं नाही. लोक म्हणतील, आजारी माणसाला असं विचारतात का? विचारतात. नाहीतर कधी विचारायचं?

"ताई, एक इचारू?"

"इचार."

"आपल्या टीव्हीवरचा डाग कोणं पाडला होता?"

मी तेल चोळत राहिले. मला वाटलं, झोप लागली. मग डोळे न उघडता तू म्हणालीस, "तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तुह्या बांगड्या वाजल्या होत्या."

माझे हात थांबले. तुला माहीत होतं! मी पाहिलं हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणजे दर वेळी पाहुण्यांसमोर ती गोष्ट सांगितली जायची तेव्हा मी गप्प बसून तुला झाकते आहे, हे तू जाणत होतीस. दादानं हात जोडले तेव्हाही जाणत होतीस.

"मंग काऊन नाई बोलली?"

"त्या दसऱ्याले आष्टीचा माणूस आला होता. आठवते? दोन दिवस राहून गेला."

मला आठवला. टोपीवाला, पानाची चंची घेऊन बसायचा. मला वाटलं होतं, लग्नाची भांडी घ्यायला आला असेल. मी त्याला पुरण वाढलं होतं.

"त्याची पोरगी पाहून राह्यल्या होत्या सासूबाई. तुह्या भासऱ्यासाठी. हे 'नाई, नाई' म्हणत होते, पण किती दिवस म्हणतीन? त्यायले एक निमित्त पाह्यजे होतं. मले माहेरी पाठवाचं निमित्त. नवा टीव्ही फोडला म्हटलं असतं त झालंच असतं." तुला दम लागला. "तुह्या मांडीवर पंकज होता. तुले कोण काढणार होतं घरातून?"

तुझं म्हणणं खरं होतं. सगळं खरं होतं. आणि माझा राग कमी व्हायच्या ऐवजी आणखी चढला.

"मंग मले सांगाचं होतं! मागाचं होतं माह्याजवळ. मी हासत म्हटलं असतं, हो, माह्याच टेपनं झालं. दादाले पहिलेच सांगून ठेवलं असतं, तो बी मानला असता. तू मागितलं नाई ताई. तू घेऊन टाकलं."

"भेव वाटलं."

"कायचं?"

"तू नाई म्हणशीन त."

बाजूच्या खाटेवरची म्हातारी आमच्याकडे पाहत होती. मी तेलाची बाटली बंद केली. मी नाही म्हणेन. माझ्यासोबत पोळ्या लाटल्यास, माझं बाळंतपण केलंस, एका तव्यावरची भाकरी मोडून खाल्लीस आणि तुला वाटलं, ही मला घराबाहेर जाऊ देईल. डागापेक्षा मला हे जास्त लागलं. माझ्याबद्दल तुला इतकंच वाटत होतं?

मग तू माझं मनगट धरलंस. बोटात जोर नव्हता.

"बापूले सांगजो, तुह्या दादाले. माह्यानं नाई होत."

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. भासरे औषधं घेऊन आले आणि आपण दोघी रोजच्यासारख्या झालो. त्यानंतर आपण एकट्या सापडलोच नाही, आणि मग तू गेलीस.

बघ, माफीसुद्धा तू माझ्यावर टाकून गेलीस. दोष मी उचलला, आता तुझा कबुलीजबाबही मीच उचलायचा. भासऱ्यांसाठी रोज दोन पोळ्या जास्त मी करायच्या. पंकजनं तुला अग्नी दिला, डोकं भादरून आला आणि "आई, मोठी आई गेली," म्हणून माझ्याच गळ्यात पडून रडला. त्याला मी धरायचं. मला कोण धरेल? एवढी वर्षं मला धरणारी तू होतीस. हा पण राग आहे माझा. लिहून ठेवते.

तर तुझ्या तेरवीला दादा आला होता. आता म्हातारा झाला आहे, गिरणी बंद पडल्यापासून पाठ वाकली आहे. मांडवात जेवला, आत आला नाही. जेवताना लोकांना सांगत होता, "मंदाताईसारखी बाई नाई पाह्यली मी. माह्या बहिणीले तिनं बहिणीसारखं ठेवलं." माझ्या हातातली वाढायची बादली वाकडी झाली, भाजीचा रस्सा सांडला.

संध्याकाळी त्याला स्टँडवर पोचवायला गेले. बाजाराचा दिवस नव्हता, रस्ता मोकळा होता. मी म्हटलं, "दादा, थांब थोडा. तुले एक सांगाचं हाय." आणि रस्त्याच्या कडेला, बंद दुकानाच्या पायरीशी उभं राहून सगळं सांगितलं. सुई, चुंबक, रंग, तू हसलीस ते, आष्टीचा माणूस, दवाखाना. काही गाळलं नाही. काही गोड केलं नाही. तो पिशवी छातीशी धरून ऐकत होता. त्याची गाडी आली, माणसं चढली, गाडी निघून गेली. तो हलला नाही.

मग त्यानं विचारलं, "आष्टीची पोरगी आली असती त मंदाताई कोठी गेली असती?"

"माहेरी. भावाच्या घरी."

"भाऊ कसा होता तिचा?"

"दारूत होता. ते घर नावालाच होतं."

दादा रस्त्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता चिडेल. मला हवं होतं त्यानं चिडावं. निदान एक माणूस तरी माझ्या बाजूनं रागवावा. तो म्हणाला, "मले सांगाचं होतं तिनं. मी कोणाले सांगत होतो?" एवढंच. मग वळला.

"कोठी चालला? गाडी आता तासाभरानं हाय."

"घरी चाल. चाय पाज."

तो पुढे आणि मी मागे. ओट्याशी आला, चपला काढल्या. थांबला नाही. उंबरा ओलांडून समोरच्या खोलीत आला आणि दिवाणावर बसला. भासरे उठून उभे राहिले. पंकज म्हणाला, "मामा, तुम्ही आत?" दादानं त्याला जवळ बसवलं आणि त्याच्या भादरलेल्या डोक्यावर हात ठेवला. तुझ्या फोटोकडे त्यानं एकदाच पाहिलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, ताई. त्यानं सोडून दिलं, पाच मिनिटांत, बंद दुकानाच्या पायरीशी. मी अजून सोडलेलं नाही. मी तुझ्यासोबत राहिले आहे, तो नाही.

मी आत येऊन गॅसवर पाणी ठेवलं. साखर टाकली, आलं किसलं, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं, चहा उतू जाईपर्यंत. माझा भाऊ एवढ्या वर्षांनी या घरात चहा प्यायला बसला होता. तो चहा तू करायला हवा होतास.